मुक्या हिरोचा आवाज

माण. रविवार संध्याकाळ.

नवा व्हिडिओ गेम आणलाच नसता तर बरं झालं असतं.

जुन्यातला हिरो मुका होता. कुणी काही विचारलं की हा नुसता उभा, आणि खाली इंग्रजीत तीन उत्तरं यायची. मी ती मराठीत सांगायचे आणि शेजारी खुर्ची ओढून बसलेले माझे सासरे, आप्पा, त्याच्या वतीने बोलायचे. राजाने लढाईला बोलावलं तेव्हा आप्पा टीव्हीलाच म्हणाले, "आमी न्हाई येत. पेरणी कुणी करायची, तुझ्या बापानं?" तसलं उत्तर त्या तिन्हींत कुठलं असायला! जवळचं बघून मी बटण दाबायचे. अख्खा हिवाळा तो हिरो आप्पांच्या आवाजात बोलला.

नव्यातला हिरो बोलका निघाला. एका म्हातारीने त्याच्याकडे मदत मागितली. आप्पांनी खुर्ची पुढे ओढली, तोंड उघडलं, तोवर हा भारदस्त इंग्रजीत बोलून मोकळा! पुढच्या वेळीही तेच. मग आप्पा गप्पच झाले. मला वाटलं, रमलेत. रमलेत कसले?

शेवटी मी टीव्हीचा आवाज बंद केला. "आप्पा, तुम्ही बोला ना."

हिरोचे ओठ हलतच होते.

"त्यो बोलतोय नव्हं," आप्पा दबक्या आवाजात म्हणाले, "मंग आपण मधी बोलू न्हाई." खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि आत गेले.

मध्ये बोलू नका. घरून काम करताना, कॉल चालू असला की मीच सांगते त्यांना. रोज.