बदललेली डबी

३ जून
आजही जप खुर्चीवर. मांडी घालता येत नाही, गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय. थोरल्या जाऊबाईंचाही तसाच. दवाखान्यात सुजेवर कसल्याशा मुळीच्या अर्काची चाचणी चालू आहे, दोघींनी नाव दिलं. कॅप्सूल फुकट, रक्ततपासणीही फुकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहींना औषध, काहींना नुसतं पीठ. कुणाला काय, ते आम्हालाही ठाऊक नसतं."

बाहेर आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "पीठच खायचं तर घरचं काय वाईट होतं?"

२४ जून
जाऊबाईंची सूज उतरली. जिना चढतात. माझा गुडघा आहे तिथेच — पीठ माझ्याच वाट्याला आलेलं दिसतं. कंटाळले.

२५ जून
जाऊबाईंनी आपली डबी माझ्या फळीवर ठेवली, माझी उचलली. "माझं काम झालं. आता तू घे."

दवाखान्यात कळलं तर?

"बऱ्या माणसानं औषध गिळत बसायचं म्हणजे नासाडीच की."

नासाडी म्हटलं की मी गप्प होते, हे त्यांना पक्कं ठाऊक.

१६ जुलै
मांडी घालून बसले! जप संपेपर्यंत उठले नाही. जाऊबाई हल्ली खाली येत नाहीत, भाजी वरच निवडतात. म्हणे खाली उकडतं.

३० जुलै
अन्न नको वाटतं. भांडी घासता घासता टेकावंसं वाटतं. "डोळे पिवळट दिसतात गं तुझे," — जाऊबाई.

६ ऑगस्ट
रक्तात यकृताचा दोष निघाला. म्हणून, मला औषध की पीठ ते लिहिलेलं माझं सीलबंद पाकीट उघडून पाहिलं त्यांनी. "तुम्हाला पीठच दिलं होतं. म्हणजे दोष औषधाचा नाही." डॉक्टरीणबाईंना हायसं वाटलेलं दिसत होतं. मी मान हलवून घरी आले.

सांगितलं तर डबी जाणार, पुन्हा खुर्ची. नाही सांगितलं तर ही मुळी निर्धोक म्हणून कुणाकुणाच्या पोटात जाईल. जप केला, पण लक्ष कुठे होतं.

७ ऑगस्ट
दोघी जाऊन सांगून आलो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, डोकं धरून बसल्या. मग जाऊबाईंना म्हणाल्या, "तुमचा गुडघा बघू." त्या कापड सरकवू देईनात. शेवटी मीच सरकवलं.

भोपळा. डबी दिली त्याच आठवड्यापासून.

"बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तू खाली बसायला लागली होतीस," म्हणाल्या.