दिब्ब्याची रानटी तट्टं

अल कुसैस, दुबई
रविवार, दुपार

ती. प्रकाशदादांना,

उल्हासचा वाकून नमस्कार (कंबर अजून तेवढी वाकते, हे आवर्जून कळवतो). साधनावहिनींनाही नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? की डावा? मागच्या वेळी अर्चनाने फोनवर विचारलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो आणि मला फक्त ‘तेल चोळतोय’ एवढंच ऐकू आलं. जो कुठला असेल त्याला आराम पडो. इथे अर्चना खुशाल आहे, आणि मी या पत्रात पुढे जसा दिसेन तसा आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही स्पीकर लावता, आणि मग वहिनी, कामाच्या मावशी आणि जिन्यातून जाणारे शेजारी असे सगळेच मला उत्तरं देतात. शिवाय पलीकडून कोणी ‘हं, बोला’ म्हटलं की माझं बोलणं जागच्या जागी थांबतं. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ परवा साताऱ्याला निघालेत, त्यांच्याबरोबर हे पत्र आणि थोडे खजूर पाठवतोय. खजूर तुम्ही साखर तपासून खा, वहिनींनी नुसतेच खावेत.

तर दादा, गेल्या शनिवारी मी तुमच्या बहिणीला रानटी तट्टं दाखवायला समुद्रावर नेलं होतं. पाचगणीला तुमचे वडील पोस्टात असताना शेजारच्या घोडेवाल्याची तट्टं, त्यातलं ते पांढऱ्या कपाळाचं, आणि शाळेतून आल्यावर दप्तरासकट त्याच्यावर बसणारी अर्चना, हे सगळं मी लग्न झाल्यापासून ऐकत आलोय. इथे टीव्हीवर शर्यतीचे घोडे दाखवतात, पण त्यांना ती घोडे मानत नाही (त्यांच्याकडे बघून आपल्यालाच घाई होते, असं तिचं म्हणणं). त्यामुळे आमच्या अकाउंट्समधल्या राहिलने जेव्हा सांगितलं, की पूर्वेच्या किनाऱ्यावर दिब्ब्याच्या बाजूला जंगली पोनी आहेत, ‘झुंड के झुंड, भाईसाहब’, तेव्हा मी ते लगेच उचललं. राहिल लखनौचा, बोलायला इतका अदबशीर की त्याची माहिती चुकीची असेल अशी शंका घेणंसुद्धा उद्धटपणाचं वाटतं. त्याने फोनवर फोटोही दाखवला. धुकं, डोंगर, आणि खूप लांब चार पायांवर उभं असलेलं काहीतरी.

पण नुसती तट्टं हे काही कारण नव्हतं. मला अर्चनाला एक गोष्ट सांगायची होती आणि ती घरात सांगता येत नव्हती. कंपनी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधलं आमचं स्टोअर बंद करतेय. जूनअखेर माझी नोकरी संपते, आणि नोकरीबरोबर इथलं राहणंही. एचआरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून, कॉफी देऊन, फार गोड शब्दांत हे सांगितलं. (कॉफी आली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. तेवीस वर्षांत त्या केबिनमध्ये मला पाणीसुद्धा मिळालेलं नाही.) त्यानंतर कितीतरी दिवस मी ती बातमी खिशात घेऊन फिरत होतो. अर्चना फोडणी देत असताना सांगणं बरं दिसेना, जेवताना नको, आणि झोपायच्या आधी तर नकोच. म्हटलं, समोर समुद्र असेल, तट्टं धावत असतील, अर्चना पाचगणीच्या मूडमध्ये असेल, तेव्हा हळूच बोलून टाकू.

निघायच्या आदल्या दिवशी अस्मीचा फोन आला. (आमची कन्या आणि जावई वेदांग हल्ली अबू धाबीला, खलिफा सिटीत राहतात. ती आमच्याशी इंग्रजीत बोलते आणि आम्ही तिच्याशी मराठीत, दोन्हीकडे गैरसमज होत नाहीत.) ती म्हणाली, ‘बाबा, देअर आर नो वाइल्ड पोनीज इन द यूएई.’ मी म्हटलं, राहिलने फोटो दाखवलाय. ती म्हणाली, ‘बाबा, प्लीज गूगल इट.’ मी रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला. अर्चनाने दोन किलो गाजरं आणि गुळाची ढेप पिशवीत भरली. स्वतःसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं.

खोरफक्कानच्या रस्त्याला डोंगरातून बोगदे आहेत. माझा बेत असा होता की बोगद्यात बोलायचं, म्हणजे अंधारात एकमेकांचं तोंड दिसणार नाही. प्रत्यक्षात आत ट्यूबलाइटचा असा लखलखाट की ऑपरेशन थिएटरमध्ये शिरल्यासारखं वाटलं. तरी पहिल्या बोगद्यात मी ‘अर्चना, एक सांगायचं होतं’ इथवर आलो. तेवढ्यात नकाशावरची बाई म्हणाली, सरळ चालत राहा. दुसऱ्या बोगद्यात मी नुसताच खाकरलो. तिसऱ्यात अर्चनाने पर्समधून ॲसिडिटीची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. ती चघळत होतो तोवर उरलेले बोगदे संपले आणि समोर समुद्र आला.

दादा, काय समुद्र होता! इथे इतकी वर्षं राहून मी तो कधी पाहिलाच नव्हता. आमचा समुद्र म्हणजे मेट्रोच्या खिडकीतून दोन टॉवरच्या फटीत दिसतो तेवढा. हा निळाशार, आणि मागे लगेच तपकिरी डोंगर. अर्चनाने काच खाली केली आणि दारावर कोपर टेकून बघत राहिली. मी समुद्र बघत नव्हतो. ‘कंपनीचं असं झालंय की’ आणि ‘हे बघ, घाबरू नकोस’, यातलं कुठलं वाक्य आधी घ्यावं याचा विचार करत होतो.

खोरफक्कानला कडक चहा घेतला आणि कॅफेटेरियातल्या मल्याळी गृहस्थांना पोनी कुठे असतात ते विचारलं. त्यांनी तत्परतेने वाळूकडे बोट दाखवलं. तिथे एक पोनी होता. त्याच्या पाठीवर टिकल्यांचं खोगीर, गळ्यात प्लास्टिकची फुलं, आणि एका फेरीचे दहा दिरहम (म्हणजे अडीचशे रुपये हो, असं अर्चना मोठ्याने म्हणाली). तिने त्याला गाजर दिलं, मानेवर हात फिरवला आणि मालकाला बाकीची तट्टं कुठे आहेत असं विचारलं. तो म्हणाला, बाकी कोई नहीं, अकेला है. अर्चना परत येऊन गाडीत बसली. ‘कंटाळलाय बिचारा,’ एवढंच म्हणाली.

दिब्ब्याला पेट्रोल पंपावर एक वयस्कर अरब गृहस्थ भेटले. मी माझं अरबी पणाला लावलं. घोड्याला हिसान म्हणतात आणि लहानाला सगीर, हे मला माहीत आहे, म्हणून मी ‘सगीर हिसान’ म्हणून हाताने उंचीही दाखवली. ते विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला, म्हणाले, ‘हमार, हमार’, आणि वाडीकडे, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्याकडे, हात केला. मी गाडीत येऊन अर्चनाला सांगितलं की तट्टं आहेत, पण रानटी नाहीत, या आजोबांच्या मालकीची आहेत, ते ‘हमारा, हमारा’ म्हणतायत. ती म्हणाली, त्यांना विचारलंस का गाजर घातलं तर चालेल का. मी परत जाऊन खुणेने विचारलं. आजोबा इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं. म्हणाले, यल्ला, यल्ला, म्हणजे चला, निघा.

खडीच्या रस्त्याने आत गेलो आणि वळणावर ती दिसली. सात-आठ जणं उतारावर उभी, करडी, कान टवकारलेली. अर्चना पिशवी घेऊन उतरली. ती जवळ गेल्यावर त्यातल्या एकाने मान वर केली आणि तोंड उघडलं. जो आवाज आला तो ऐकल्यावर, दादा, मला अरबीतला ‘हमार’ एका क्षणात समजला. ती गाढवं होती. राहिलच्या फोटोत होती ती हीच, फक्त धुक्यात.

मला वाटलं, अर्चना भडकेल. ती उभी राहिली, माझ्याकडे वळून बघितलं आणि मग निवांतपणे एकेकाला गाजर द्यायला लागली. गाजरं संपली, गूळ संपला. सगळा कळप गाडीभोवती जमला. दोघं पुढे आडवी उभी, एक मागे. हॉर्न वाजवला तर मागच्याने पुढच्या दोघांना हाक दिल्यासारखं ओरडून उत्तर दिलं. अर्चना आत येऊन बसली. मी काच लावेपर्यंत एक गाढवीण मान आत घालून माझ्या मांडीवरच्या पुऱ्या खायला लागली. (लोणच्याला तोंड लावलं नाही. तेवढी पारख होती.)

असं आम्ही तासभर बसलो होतो. आणि दादा, का कोण जाणे, मला तेव्हाच सांगावंसं वाटलं. आमच्या दोघांच्या मध्ये गाढविणीचं डोकं होतं, अर्चनाचा चेहरा दिसत नव्हता, कदाचित म्हणून असेल. मी सगळं सांगून टाकलं. जून, स्टोअर, कॉफी, सगळं. गाढवीण कान हलवत ऐकत होती.

पलीकडून अर्चना म्हणाली, ‘मला माहीत आहे.’

आमच्या शेजारच्या साजिदाचा भाऊ आमच्याच कंपनीत आहे. तिने अर्चनाला केव्हाच सांगितलं होतं. मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस. गाढविणीने मान बाहेर काढली तेव्हा मला अर्चनाचे डोळे दिसले. म्हणाली, ‘तू सांगशील म्हणून थांबले होते. आणि आज सकाळी निघालो तेव्हा मी ते मनातून काढून टाकलं होतं, उल्हास. मला वाटलं, तू मला नुसता फिरायला घेऊन आलायस.’

मी मांडीवरचा पुऱ्यांचा चुरा झटकत बसलो.

गाढवं त्यांच्या मर्जीने गेली. आम्ही खाली फुजैराहवरून कलब्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. मी तिला समुद्रात मावळणारा सूर्य दाखवतो असं कबूल केलं होतं. पण हा पूर्वेचा किनारा. सूर्य आमच्या पाठीमागे, डोंगराआड कधी गेला ते कळलंही नाही, आणि समुद्र नुसता राखाडी होत गेला. पूर्व कुठे आणि पश्चिम कुठे एवढं मला दुबईत इतकी वर्षं राहून कळलं नव्हतं, कारण अल कुसैसहून इन्व्हेस्टमेंट्स पार्क आणि परत, एवढीच दिशा मी पाहिली. अर्चनाने विचारलं, किती लांब होतं रे हे घरापासून. मी म्हटलं, दीड तास. ती ‘हो का’ म्हणाली आणि वाळूत बोटाने काहीतरी काढत बसली. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी परत येऊ. तर पुढच्या शनिवारी स्टॉकचा हिशेब लावायचा आहे आणि तो मलाच लावायचा आहे, याची तिनेच मला आठवण करून दिली. त्यानंतर उन्हाळा, मग खलास. बंद होणाऱ्या स्टोअरसाठी शनिवारी जायचं, हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं. तरी मी जाणार आहे, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

मला नोकरी गेल्याचं तितकं वाईट वाटत नाही, दादा. तो एक दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडात वाक्य धरून घालवला, याचं वाटतं. ती समुद्र बघत होती आणि मी तिच्याकडे, संधी बघितल्यासारखा बघत होतो.

असो. तुमच्या गुडघ्याला जपा. वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुमचा,
उल्हास

ता. क. : एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. तुमचा चि. तनिष आमच्या बाणेरच्या फ्लॅटमध्ये राहतो, याचा आम्हाला आनंदच आहे. मुलगा गुणी आहे, घर नीट ठेवतो. आता आम्ही जुलैत परतणार, तर त्याच्या सोयीने, त्याला अजिबात घाई न करता, त्याने जूनमध्ये दुसरीकडे कुठे पाहिलं तर पाहावं, असं तुम्ही त्याला तुमच्या शब्दांत सुचवू शकाल का? मी सांगणार होतो, पण तो फोनवर ‘काका, बोला’ म्हणतो. नाहीच जमलं तर राहू दे.

ता. क. २ : दादा, मी अर्चू. पाकीट बंद करायला त्याने माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. तनिषला हलवू नकोस. डिसेंबरमध्ये त्याचं लग्न आहे, आता कुठे घर शोधत फिरेल तो? लग्न होईपर्यंत आम्ही तुमच्याकडे साताऱ्यालाच राहू, असं मी आणि वहिनीने मागच्याच आठवड्यात ठरवलंय. तू तेव्हा बाजारात गेला होतास. उल्हासला मी सांगेन सावकाश. आणि तो लिहितो तसा दिवस काही वाया गेला नाही. कलब्याला आम्ही पार काळोख होईपर्यंत बसलो होतो. तो रडला थोडा, ते त्याने लिहिलेलं नाही.

माझं मागणं एकच आहे. तो आला की सगळे त्याला विचारतील, आता पुढे काय करणार. तू विचारू नकोस. सकाळी फिरायला जाशील तेव्हा त्याला बरोबर ने. बोलला नाही तरी चालेल.