दोनपानी इंग्रजी पत्र

३ मार्च
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.
नर्सिंगची परीक्षा पास झाले, पण वॉर्डात तोतरेपणा पुन्हा आडवा येतोय. ड्यूटी बदलताना पेशंटचा अहवाल इंग्रजीत मोठ्याने वाचायचा असतो. काल ‘अँटिबायोटिक’वर अशी अडकले की इन्चार्ज सिस्टर घड्याळ बघत राहिल्या. सोळा तारखेला शेवटची संधी, म्हणाल्या. नाही जमलं तर वॉर्ड सुटला, चादरींच्या स्टोअरमध्ये बसायचं. तू जन्मभर पोरींना इंग्रजी शिकवलंस. काहीतरी सांग.
माया राहू दे,
तुझी भाची

६ मार्च
चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.
घड्याळ बघायचा पगार मिळतो का त्या बाईंना? असो. लांब शब्द अख्खा उचलू नकोस, तुकडे पाड. अँ-टी-बाय-ऑ-टिक: पाच, चौथ्यावर जोर. मांडीवर बोटाने ठोके दे, चौथा जोरात. हाय-पर-टेन्-शन: चार, तिसरा जोरात. जोराच्या ठोक्याकडे चालत राहायचं, अलीकडचे तुकडे आपोआप सुटतात. आम्हाला कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्स बोटांवर पट्टी मारून शिकवायच्या; तुझं स्वस्तात सुटतंय.
आणि त्या बाईंना मी पत्र लिहिते आहे. इंग्रजीत.
माया आहेच, विचारत जाऊ नकोस.
मावशी

१० मार्च
ती. मावशीस,
सा. न.
हात जोडते, ते पत्र टाकू नकोस. वॉर्डात मी तोतरी आहेच, वर चुगलखोर ठरेन. ठोके जमताहेत. मांडी काळीनिळी झाली, पण ‘अँटिबायोटिक’ सुटलं.
रागावू नकोस,
तुझी भाची

१३ मार्च
चि. भाचीस,
आशीर्वाद.
पत्र त्याच दिवशी पेटीत पडलं. दोन पानं, चोख इंग्रजी. माझ्या पोरीला कुणी रडवायचं आणि मी स्वेटर विणत बसायचं, हे व्हायचं नाही. तू ठोक्यांकडे लक्ष दे.
तुझीच,
मावशी

१७ मार्च
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.
काल अहवाल वाचायला उभी राहिले, तर सिस्टरांनी तो काढून घेतला आणि तुझं पत्र हातात दिलं. म्हणाल्या, एवढे लांब शब्द आपल्या वॉर्डात नाहीत, हेच वाच. सगळ्या जणी बघत होत्या. ‘अनप्रोफेशनल’: पाच, तिसरा जोरात. ‘ह्युमिलिएशन’: पाच, चौथा जोरात. सिस्टरांची खरडपट्टी त्यांच्याच तोंडावर वाचली, एकदाही न अडखळता.
अडले शेवटच्या ओळीत. तिथे तू मला ‘पुअर गर्ल’ म्हटलं आहेस. त्याचे काय तुकडे पाडणार? शेवटी सिस्टर म्हणाल्या, तेवढं वाचायची गरज नाही. पत्र घडी घालून त्यांनी परत दिलं आणि उद्यापासून सकाळचा अहवाल मीच वाचायचा, असं सांगितलं.
पत्र सोबत पाठवते आहे. ती ओळ तू स्वतःच्या हाताने खोड, मग लोभ आहेच.
तुझी भाची