वेंडेलच्या कुत्र्याचा वाटा

प्रिय बाबा,

ओमाहात थंडी आहे, पण मी ठणठणीत आहे.

आम्ही चौघे मित्र दर गुरुवारी स्टेकहाऊसला जातो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तीन महिने आमच्यातला वेंडेल दोन घास खाऊन उरलेला स्टेक कुत्र्यासाठी बांधून न्यायचा. "तुझं कुत्रं आता दारात मावत नसेल," मी म्हणायचो. तो हसायचा.

परवा त्याच्या दफनाच्या वेळी त्याची बायको म्हणाली, "कुत्रं तर उन्हाळ्यातच मेलं, क्लिंट. वेंडेललाच घास गिळवत नव्हता. तुमचा गुरुवार मोडू नये म्हणून बोलला नाही." घशाचा कॅन्सर होता.

माझ्या डायरीत माझा विनोद तीनदा लिहिलेला आहे, त्याचं भरलेलं ताट एकदाही नाही.

बाबा, हल्ली पाव पाण्याशिवाय उतरत नाही, असं तुम्ही फोनवर हसत सांगितलंत. मीही हसलो. शनिवारी येतोय. डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ.

तुमचा,
क्लिंट