हद्दीचा दगड

५ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आम्ही ठीक. तू मजेत असणारच.

मासिकात तू काढलेला माझा फोटो पाहिला. भर उन्हात तासभर मला हातात ढेकूळ धरून बसवलंस आणि खाली छापलंस, ‘मातीशी नातं’. तेवढ्या वेळात माझ्या दोन सऱ्या निंदून झाल्या असत्या. पण राग त्याचा नाही. फोटोत आडवा येतो म्हणून तू हद्दीचा दगड उपटलास आणि परत न रोवता गाडीत बसलास. शेजाऱ्याने आता पाच पावलं आत नांगर घातलाय. म्हणतो, दगड कुठे होता ते दाखव. पुढच्या बुधवारी गावचे चार जण निवाडा करणार आहेत. दगड जागेवर असलेला एक तरी फोटो ताबडतोब पाठव.

माया उरली असेल तर या वेळी दिसू दे.
ताई

११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दगडासाठी का होईना, आठवण काढलीस. प्रदर्शनाला बोलावलं तेव्हा ‘ढेकळं बघायला शहरात कशाला येऊ’ म्हणाली होतीस. म्हणून मुद्दाम चार दिवस थांबून लिहितोय. बुधवारच्या आत मिळेलच.

नव्या फोटोंत दगड नाही. पण लहानपणी मी काढलेला पहिला फोटो सापडला, तो सोबत जोडलाय. बाबा त्याच दगडावर बसलेत आणि दगड आपल्या विहिरीला अगदी लागून आहे. तू म्हणतेस त्या जागेच्या वीस पावलं अलीकडे, आपल्याच बाजूला! मग दुसऱ्याच्या रानात घुसलंय कोण? मला जमिनीतलं कळत नाही म्हणून आयुष्यभर हिणवलंस. बाबांनी दगड कधी हलवला, हे तुला तरी कळलं का?

लोभ जेवढा होता तेवढाच राहू द्यावा.
धाकटा

१९ मे

चि. धाकट्यास,

पत्र गुरुवारी मिळालं. बुधवारी मी चौघांसमोर बाबांची शपथ घेऊन सांगितलं, की दगड पहिल्यापासून तिथेच होता. मला तसंच माहीत होतं रे. शेजाऱ्याने माझी माफी मागितली आणि स्वतःच्या हाताने दगड रोवून दिला. तुझे चार दिवस तुला लखलाभ.

रोज ठरवते, आज जाऊन त्याला खरं सांगायचं, आणि बाबांचं नाव जाईल म्हणून परत फिरते. तू इकडे येऊ नकोस. बाकी सगळी धूळपेरणी उरकली, तेवढा वीस पावलांचा पट्टा तसाच टाकलाय. काल शेजारी बांधावर येऊन विचारून गेला, बियाणं कमी पडलं का, थोडं देऊ का.

एवढंच कळावं.
ताई