तुमच्या हातातल्या माझ्या बांगड्या

आत्या, आज प्रयोगशाळेत कामाला आलेल्या नव्या मुलींना मी आत जायची शिस्त सांगत होते. नखं कापा, केस टोपीत घाला, अंगठ्या-बांगड्या बाहेर काढून ठेवा. एकीनेही हूं की चूं केलं नाही. निम्म्या जणींच्या हातात बांगड्याच नव्हत्या. मला रागच आला, कुणाचा ते कळेना. मग दिवसभर तुम्ही डोळ्यांसमोर. सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीत, पण तुमचा धाक सख्ख्या आत्याहून जास्त होता. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला तरी धीर होतोय.

तो कारगिलच्या लढाईचा उन्हाळा. तुमचा मुलगा तिकडे वर, पलटणीबरोबर. लग्नाला वर्षही न झालेली मी आणि तुम्ही, अशा आपण दोघी कराडजवळच्या मलकापूरच्या त्या दोन खोल्यांत. सकाळी रेडिओ लागला की तुम्ही हातातलं काम थांबवायचात आणि बातम्या संपल्या की परत सुरू करायचात. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जात होते. उसाच्या शेंड्यातला तांदळाएवढा कोंब काढायचा, बाटलीत त्याच्या खाद्यावर ठेवायचा, त्याला फुटवे आले की ते सुटे करून नव्या बाटल्यांत. आमच्या मॅडम पुण्याहून आलेल्या. त्या म्हणायच्या, आपल्या देशातल्या शेतीला पुढे हेच तारणार आहे, रोग नसलेलं बेणं, तेही हवं तेवढं. संचालक म्हणायचे, आधी ही बाटलीतली पोरं रानात उभी राहू द्यात. आणि शेतकरी तर धास्तावलेलेच होते. परदेशी कंपन्या एकदाच उगवणारं बियाणं आणणार, मग जन्मभर त्यांच्याच दारात जावं लागणार, अशी चर्चा पारापारावर चालू होती. त्यांना ते बियाणं आणि आमची बाटली एकाच माळेचे मणी वाटायचे. पावसाळ्याच्या लागणीला पहिली मोठी खेप द्यायचं कारखान्याने कबूल केलं होतं. ती नासली असती तर प्रयोगशाळेला कुलूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि नेमकी माझ्याच फळीवरच्या बाटल्यांत बुरशी आली. पांढरी, कापसासारखी. एका बाटलीत दिसली, मग शेजारच्या चारांत. आम्ही लग्न झालेल्या बायका बांगड्या काढत नव्हतो, कोपराकडे सारून ॲप्रनच्या बाहीत कोंबत होतो. त्या दिवशी मॅडमनी माझा हात धरून बाही वर केली. बांगड्यांच्या मधे साबणाचा मळ साचलेला. त्या ओरडल्या नाहीत. "उद्या बांगड्या काढून ये," म्हणाल्या, "नाहीतर येऊ नकोस."

घरी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चुलीपुढे होतात. मागे न बघताच म्हणालात, "माझा ल्योक तकडं डोंगरात हाय, आन् तू हितं हात मोकळं करनार?"

"मग काम सोडू का?"

"सोड."

मी सोडणार नव्हते, हे तुम्हालाही कळलं असावं. दुसऱ्या दिवशी तुम्ही डोक्यावर पदर घेऊन माझ्याबरोबर चालत कारखान्यावर आलात. आता मॅडमशी भांडणार आणि मला परत घेऊन जाणार, असंच मी धरून चालले होते. तुम्ही काचेतून आत पाहिलंत, फळ्यांवर उभा असलेला हिरवा बोटभर ऊस, आणि दाराशी टबात फेकून दिलेल्या बुरशीच्या बाटल्या. मग मॅडमना विचारलंत, "ह्यातल्या उसाचं पुन्यांदा बेणं धरता येतंय, का दर साली तुमच्याच दारात यायाचं?"

मॅडम म्हणाल्या, "तीन-चार वर्षं धरा की. मग जोर कमी होतो, तेव्हा या परत."

"म्हंजे म्हायेराला आल्यावानी," तुम्ही म्हणालात. मॅडम हसल्या. मला हसू येईना.

मग तुम्ही व्हरांड्यात बसलात आणि हात पुढे केलात. "काढ. पर भुईवर ठेवायच्या न्हाईत. हिकडं दे, माझ्या हातात घालती."

मामंजी गेल्यापासून तुमच्या हातात काच नव्हती. ते गेले तेव्हा तुम्ही आज माझ्यापुढे उभ्या राहिलेल्या मुलींपेक्षा थोड्याच मोठ्या असाल. झाडलोट करणारी बाई झाडू धरून तशीच उभी राहिली. मी नळावर साबण लावून एकेक बांगडी सोडवत होते, एखादी वाढेल म्हणून जीव मुठीत. तुमच्या हाडकुळ्या हातात त्या सहज गेल्या. "आवं, लोकं काय म्हनतील," बाई पुटपुटली. तुम्ही म्हणालात, "म्हनू दे."

तेव्हापासून रोज तुम्ही व्हरांड्यात, मी काचेच्या आत. एके दुपारी फाटकाशी लष्कराची जीप थांबते. आतून मला फक्त तुमची पाठ दिसते आहे. तुम्ही उठून उभ्या राहिला आहात. माझ्या एका हातात तापवलेलं पातं, दुसऱ्या हातात उघडी बाटली, समोर ज्योत. ती सोडून धावले तर बाटली जाणार. तुम्ही डाव्या हाताने उजव्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या आहेत. जीपमधला माणूस पहारेकऱ्याला काही विचारतो, पहारेकरी कराडच्या दिशेने हात करतो, जीप वळते. तुम्ही खाली बसता. मी कोंब बाटलीत ठेवते, तोंड ज्योतीवर फिरवते, झाकण लावते. ती बाटली नासली नाही.

पावसात रोपांची पहिली ट्रॉली गेली. रानात ऊस उभा राहिला, शेतकरी दुसऱ्या वर्षी स्वतःहून आले. सगळं मॅडम म्हणायच्या तसं झालं असं नाही. आज डाळिंब-केळीची रोपं लांबून ट्रक भरून येतात, आणि तुमचा तो पुन्हा बेणं धरायचा प्रश्न विचारला तर विकणारा नुसता पावती पुढे करतो. मला अजून या कामाचा अभिमान आहे, आणि अजून धास्तीही आहे.

लढाई थांबली, तुमचा मुलगा सुट्टीवर आला, धडधाकट. आईच्या हाताकडे बघत तो पाया पडला. मी म्हटलं, आता भीती गेली, आता तुम्ही बांगड्या नको म्हणाल. पण सकाळी मी निघताना उंबऱ्याशी तुमचा हात पुढे आला. "उगं फुटत्याल कुटं ठिवल्या तर," म्हणालात. संध्याकाळी परत मागितल्या की, "थांब, भाकरी हुं देत." भाकरी थापताना परातीवर बांगड्या वाजायच्या. तुमची मान किंचित कलती व्हायची, तो आवाज ऐकायला. त्या नादात थोड्या जास्तच भाकऱ्या व्हायच्या, दुसऱ्या दिवशी शिळ्या खाव्या लागायच्या.

तुम्ही जाईपर्यंत, वर्षानुवर्षं, मी रोज उंबऱ्याशी बांगड्या काढून दिल्या. आज सांगून टाकते, आत्या. लढाईच्या त्याच वर्षी, दिवाळीनंतर, माझं काम प्रयोगशाळेमागच्या सावलीच्या जाळीखाली, रोपं पिशव्यांत लावायचं झालं होतं. तिथं बांगड्या चालत होत्या.