साहेबासाठी शिंगाड्यांचा डबा

बाबा, आज आपला तलाव वाचला. हे आधीच सांगून टाकतो, तुम्हाला लांबण लावलेली कधी आवडली नाही.

नगरपरिषदेत सकाळपासून बैठक होती. वर्षभरातल्या पर्यावरणाच्या कामांचा आढावा आणि मग शहराचा नवा विकास आराखडा. नकाशे काढणारा म्हणून मी गुंडाळ्या घेऊन भिंतीशी बसलो होतो. आधी वृक्षलागवडीचा विषय झाला. रस्त्याकडेच्या रोपांपैकी चहाच्या टपरीसमोरची तेवढी जगली, कारण टपरीवाला कप विसळलेलं पाणी त्यांना घालतो, हे ऐकून सगळे हसले. मग आपल्या तलावाची पाळी आली आणि मी नकाशा टेबलावर उलगडला. जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातला भरला तलाव, पण जुन्या नकाशात तिथे पांढरा चौकोन आहे आणि आत लिहिलंय, पडीत जागा. त्या दोन शब्दांच्या भरवशावर तो बुजवून तिथे बसस्थानक होणार होतं. राजुऱ्याच्या, आलापल्लीच्या गाड्या तिथून सुटणार होत्या.

तो चौकोन तुम्ही पाहिलेला. मी नवीनच नोकरीला लागलो होतो. पाहणी झाली ऐन मे महिन्यात, तलावाच्या तळाला भेगा पडलेल्या आणि मधोमध बैल बांधलेले. नकाशा तयार झाला कार्तिकात, मी हौसेनं त्याची प्रत घरी आणली. तुम्ही अंगणात उकडलेल्या शिंगाड्यांचं गंज चुलीवरून उतरवताय, काटे रुतून बोटं काळी पडलेली. मी नकाशावर आपला मोहल्ला दाखवतो आणि तुमचं बोट नेमकं पांढऱ्यावर जातं.

"काऊन रे, इथी तर आपला तलाव हाये. कोनं काढला हा नकाशा?"

"नागपूरहून आमच्या कचेरीत आलेल्या साहेबानं," मी म्हणालो.

"उन्हाळ्यात आला असन तो. तलाव आटला म्हून का जागा मोकळी झाली? दरसाल भरते ना बाप्पा!"

आता चांगलीच खरडपट्टी निघणार असं मला वाटलं, पण तुम्ही डबा भरायला घेतलात. टपोरे टपोरे निवडून. "हे त्याले नेऊन दे. खाल्ल्यावर समजन त्याले."

पुढे तुम्ही होतात तोवर दर कार्तिकात साहेबाचा डबा निघायचा. संध्याकाळी मी सायकल टेकवली की तुमचा प्रश्न ठरलेला, "खाल्ले का त्यानं?" मी हो म्हणायचो आणि तुम्ही खूश.

आज मी तुमचीच युक्ती केली. तुमची धाकटी सून आता तलावात ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून शिंगाडे तोडते. तिला बोलावूनच ठेवलं होतं. तिनं उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली थेट नकाशावर, त्या पांढऱ्या चौकोनावर ठेवली. सदस्य सोलून खाऊ लागले. नगराध्यक्षाबाईंनी तोंडात घास असतानाच विचारलं, "गोड हायेत वो. कुठचे?"

"त्याच पडीत जागेतले, बाई. कालच तोडले."

असा हशा पिकला की शिपाई डोकावून गेला. बसस्थानकाचा सगळ्यात जास्त आग्रह धरणाऱ्या सदस्यांनी दुसऱ्यांदा मूठ भरून घेतली. बसस्थानक रेल्वे फाटकापलीकडे न्यायचं ठरलं आणि नगराध्यक्षाबाई मला म्हणाल्या, "भाऊ, रंगवून टाका तलाव." टेबलाशी उभ्या उभ्या मी निळा रंग भरला. घाईघाईत निळं तलावाच्या पाळीबाहेर सांडलं. सांडू दे म्हटलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे तुमच्या थोरल्या सुनेला सांगायची सोय नाही.

हे पत्र धाडायचं कुठे? नव्या नकाशाच्या गुंडाळीत ठेवून देतो. फक्त एक राहिलं, बाबा. नागपूरहून साहेब कधी आलाच नव्हता. पाहणीच्या कागदावर पडीत लिहिलेलं होतं, आणि नव्या नोकरीच्या धाकानं तो चौकोन मीच आखला. तुमच्यापुढे बोलायची हिंमत झाली नाही.

खाल्ले का त्यानं, म्हणून विचारायचात ना? खाल्ले, बाबा. दर वर्षी, सगळे, मीच खाल्ले.